पाळकाचं पत्र आणि वाया गेलेले चार महिने

"तुमच्या पाळकांचं (चर्चच्या धर्मगुरूंचं) पत्र आणा." अमेरिकेतल्या आमच्या कंपनीच्या एचआरने या एका मागणीवर मला चार महिने लटकवलं. राग अजून गेलेला नाही.

वैविध्याचं ट्रेनिंग मी पूर्ण केलं होतं. कामावर कुणाशी भेदभाव करू नये, हे मला मनापासून पटतं. अडलं शेवटच्या पानावर: 'प्रत्येक जीवनपद्धती सारखीच योग्य आहे असं मी मानतो', खाली सही. माझ्यासाठी ती देवापुढची साक्ष. 'नियम पाळीन' असं शंभरदा लिहून दिलं असतं, 'मानतो' लिहिणं शक्य नव्हतं. १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या टायटल सेव्हनखाली (नोकरीत धर्मावरून भेदभावाला बंदी घालणारा भाग) सवलत मागितली.

मग ते पत्र. आम्ही चार कुटुंबं घरीच प्रार्थनेला जमतो, पाळक आणायचे कुठून? तसं कळवलं. "मग चर्चच्या सदस्यत्वाचा दाखला द्या." तोही नाही. विचारलं की ठरलेलं उत्तर: "तपासणी सुरू आहे." मधल्या काळात सही नाही म्हणून लेखी ताकीद मात्र वेळेवर आली! कायदा पाहतो ती श्रद्धेची प्रामाणिकता. चर्चचं सदस्यत्व लागत नाही. हे पहिल्याच ईमेलमध्ये लिहा, मी लिहिलं नव्हतं.

आणि एचआरच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. अंतर्गत तक्रार चालू असली तरी ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणारा अमेरिकेचा संघीय आयोग) तक्रार नोंदवायची मुदत थांबत नाही: १८० दिवस, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तिथे ३००. ताकीदीच्या तारखेपासून मोजले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

शेवटी दोन निकालांचा आधार घेऊन पत्र लिहिलं. २००४ साली कोलोरॅडोच्या संघीय न्यायालयात, अशाच मजकुरावर सही न केल्याने नोकरी गेलेला कर्मचारी एटी अँड टी ब्रॉडबँडविरुद्ध जिंकला होता. आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या ग्रॉफ विरुद्ध डीजॉय निकालानंतर सवलत नाकारायला किरकोळ गैरसोयीचं कारण पुरत नाही, धंद्यावर मोठा बोजा पडतो हे कंपनीला दाखवावं लागतं. संपूर्ण ट्रेनिंगच नको, असं मात्र मी कुठेही म्हटलं नाही, तुम्हीही म्हणू नका.

नऊ दिवसांत उत्तर आलं. 'मानतो' जाऊन 'धोरण पाळीन' आलं, ताकीद मागे घेतली. मी लगेच सही केली.

एक राहिलंच: ईईओसीच्या पोर्टलवर नुसती चौकशी भरली म्हणजे तक्रार नोंदली गेली असं नाही. मुलाखतीनंतर तक्रारीवर सही करावी लागते.