कारैकुडीचा जुना बाजार: काय घरी आणलं, काय तिथेच ठेवलं

जुन्या वस्तूंनी घर सजवायची हौस असेल, तर त्या वस्तू ज्या घरांमधून येतात ती घरं आधी पाहावीत. ताई आणि मी तमिळनाडूतल्या कारैकुडीला गेलो ते खरेदीसाठीच. पण मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवरच्या दुकानांत शिरण्याआधी आम्ही कानाडुकातान आणि आत्तंगुडी ही गावं पाहिली, आणि पुढची सगळी खरेदी त्यामुळे बदलली.

मदुराईपासून कारैकुडी साधारण ९० किलोमीटर. मेलूर, तिरुपत्तूर करत बस जाते. दोन्ही बाजूंना कोरडी जमीन, लाल माती, मधूनमधून तळी. हा चेट्टिनाडचा प्रदेश. इथल्या नगरत्तार म्हणजेच चेट्टियार व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेश, श्रीलंका आणि मलायात सावकारी आणि व्यापार केला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४०च्या दशकापर्यंत तो पैसा गावाकडच्या घरांमध्ये ओतला. कानाडुकातानच्या रस्त्यांवरून चालताना एकेक घर संपता संपत नाही. पुढचं दार एका रस्त्यावर, मागचं दार पलीकडच्या रस्त्यावर, आणि सगळी दारं एका रेषेत. समोर उंच ओटा, आत खांबांचा चौक, त्यामागे दुसरा चौक आणि स्वयंपाकघर. वाडे पाहिलेल्या मराठी माणसाला रचना ओळखीची वाटते, पण आकार पाहून थबकायला होतं.

खांब ब्रह्मदेशी सागवानाचे, संगमरवर इटलीचा, आरसे बेल्जियमचे. भिंतींचा गिलावा मात्र इथलाच: चुना आणि अंड्यातला पांढरा बलक घालून घोटलेला. त्यावर मी तळहात ठेवला तेव्हा भर दुपारी भिंत गार लागली.

मग ही घरं रिकामी का झाली? १९३०च्या आसपासची जागतिक मंदी, १९४२ साली जपानने घेतलेला ब्रह्मदेश आणि तिथे अडकून गेलेलं भांडवल. घरं उरली, त्यांना पोसणारा पैसा उरला नाही. वारस वाढत गेले. एका घराला अनेक मालक, आणि छप्पर गळायला लागलं की कुणी किती द्यायचे यावर एकमत होत नाही. शेवटी घर उतरवतात आणि त्याचे भाग विकले जातात. चेट्टिनाडच्या गावांचा समूह २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, पण तेवढ्याने कुणाचं छप्पर दुरुस्त होत नाही.

हे डोक्यात ठेवून आम्ही बाजारात गेलो. दुकानं बाहेरून अरुंद दिसतात आणि आत खोल खोल जातात. पहिल्या खोलीत इनॅमलचे डबे, दुसरीत पितळ, मग बरण्या, आरसे, देवादिकांच्या तसबिरी, आणि मागच्या अंगणात उभ्या करून ठेवलेल्या दाराच्या चौकटी. मला सगळ्यात आवडलं ते इनॅमल. निळ्या, फिक्या हिरव्या, पिवळ्या रंगांचे एकावर एक बसणारे डबे, काहींच्या बुडाला ‘मेड इन स्वीडन’ असा ठसा. टवका उडालेला असला तर मला चालतो. फक्त जुन्या इनॅमलच्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं, त्यामुळे त्यात खाण्याचं काही, विशेषतः आंबट, ठेवू नये. आमच्याकडे आता त्यांत दोरे, बटणं आणि टपालाचे कागद आहेत.

तसबिरींपुढे ताई कितीतरी वेळ उभी राहिली. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या छापखान्याची चित्रं इथपर्यंत पोहोचली आणि इथल्या घरांमध्ये लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील साडीवर खरं कापड, जर आणि टिकल्या शिवल्या गेल्या. आपल्या मळवलीत छापलेल्या देवीला इथल्या घराने साडी नेसवली, हे पाहून मला भरून आलं. अशा जुन्या चित्रांच्या नव्या नकला मात्र भरपूर विकल्या जातात. भिंग घेऊन पाहावं: आधुनिक छपाईत रंगांचे ठिपके नेमक्या जाळीत बसलेले दिसतात, जुन्या शिळाछापात ते अनियमित असतात.

लाकूड पारखायला वेळ द्यावा लागतो. पेटी असेल तर आधी उलटी करावी, खण पूर्ण बाहेर काढावा. वरचं पॉलिश कुणीही करतं, बुडाला हात कुणी लावत नाही. हाताने कापलेले सांधे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, यंत्राचे जुळतात. चौफुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३०च्या आधीचा नाही, एवढं नक्की. झीज कुठे आहे तेही बघावं. खणाच्या कडेला, कडीच्या खाली, जिथे बोटं लागतात तिथे ती असायला हवी. सगळीकडे सारखी असेल तर ती मुद्दाम आणलेली. पितळेचंही तसंच, उंचवटे घासून उजळलेले आणि खोबणी काळ्या हव्यात. किडीची भोकं दिसली तर पांढऱ्या कागदावर वस्तू आपटून पाहावी. ताजी पूड पडली की कीड अजून आत आहे, आणि ती तुमच्या इतर फर्निचरमध्येही जाऊ शकते.

आरसे घेताना एक सांगते. कडेने पारा उडालेला आरसा नव्याने करून घेऊ नका. ते काळे डाग हीच त्याची ओळख असते. खिडकीच्या समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावला तर खोलीत उजेड मऊ पसरतो.

मागच्या अंगणातले खांब मात्र आम्ही घेतले नाहीत. दुकानदार अगदी आपुलकीने दाखवत होते, भावही खाली आणत होते, आणि एक जोडी तर अशी देखणी होती की ताईने घरातल्या उंचीचा हिशेबही करून पाहिला. पण मागच्याच दिवशी तसेच खांब छप्पर पेलताना पाहिले होते. डबा, पेटी, आरसा, तसबीर या वस्तू घरातून बाहेर पडल्या तरी घर उभं राहतं. खांब आणि चौकट काढली की घर पडतं, आणि मागणी वाढली की पडायची वाट पाहण्याइतका धीर कुणाला राहत नाही. माझ्या दिवाणखान्यासाठी मला ते मान्य नाही.

देवळातल्या मूर्तींच्या बाबतीत तर कायदाच आहे. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो. जुन्या मूर्तीची नोंदणी आणि मूळ विचारल्याशिवाय ती हातातही घेऊ नये.

आम्ही आणलं ते असं: इनॅमलचे डबे, एक मध्यम आरसा, आणि हिशेबनिसाची उतरत्या झाकणाची पेटी. पेटीला मी पॉलिश केलं नाही. मऊ फडक्याने पुसली, थोडं मधमाश्यांचं मेण चोळलं, बस. आता ती माझं लिहायचं टेबल आहे. तिच्या आसपासची भिंत मोकळी ठेवली आहे. जुन्या वस्तूला भोवती जागा लागते, गर्दीत तिचं कोरीव काम दिसतच नाही.

पुढच्या खेपेला फरश्या. आत्तंगुडीत त्या अजूनही हाताने करतात: काचेवर साचा, साच्यात रंगीत सिमेंटचा पातळ थर, त्यावर वाळू-सिमेंट, मग पाण्यात भिजवून वाळवायचं, भट्टी नाहीच. काचेमुळे पृष्ठभाग गुळगुळीत येतो. पाडलेल्या घराच्या उखडलेल्या फरश्याही बाजारात मिळतात, पण मला कारागिराकडून नव्या घ्यायच्या आहेत, म्हणजे त्यांचं काम चालू राहील. गॅलरीचं माप काढून ठेवलं आहे, रंग ताई ठरवणार आहे.