मॅकला सर्व्हर दिसत नाही, आणि एक फाईल दोनदा दिसते

इंदूरमधे मॅक असतात ते डिझाईनवाल्यांकडे, प्रेसमधे, नाहीतर एखाद्या आर्किटेक्टकडे, बाकी सगळं ऑफिस विंडोजवर, सर्व्हर पण विंडोजचा कारण टॅली त्याच्यावर चालते. कोपऱ्यातल्या मॅकवाल्याला कायम काहीतरी होत असतं. फोन येतो, "भिया, मॅकवर सर्व्हर गायब झालाय", आणि आपण पोचेपर्यंत कुणीतरी राउटर बंद-चालू करून वायर पण बदललेली असते. वायरीचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो हो.

फाइंडरच्या, म्हणजे मॅकवर फाईली दाखवणाऱ्या खिडकीच्या, डावीकडे सर्व्हरचं नाव दिसत नाही यावरून काहीच ठरत नाही, ती यादी भरवशाची नाहीच. सरळ कमांड आणि के दाबा, एसएमबी (नेटवर्कवरून फाईली देण्याघेण्याची विंडोजची भाषा) कोलन दोन स्लॅश आणि पुढे सर्व्हरचा आयपी, म्हणजे त्याचा आकडी पत्ता, टाका. आयपीने उघडलं आणि नावाने नाही, तर भानगड डीएनएसची, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सेवेची. आयपीनेही पासवर्ड नाकारतोय तर आधी कीचेन बघा, मॅक पासवर्ड साठवून ठेवतो ती जागा. ऑफिसच्या नियमाने पासवर्ड बदललेला असतो, मॅकच्या कीचेनमधे जुनाच बसलेला, मॅक तोच गुपचूप पाठवत राहतो आणि सर्व्हर थोड्या वेळाने अकाउंटच लॉक करतो. मग माणूस शपथेवर सांगतो की पासवर्ड बरोबर आहे, आणि असतोही बरोबर! कीचेन ऍक्सेसमधून सर्व्हरची जुनी नोंद उडवायची, अकाउंट अनलॉक करून घ्यायचं, आणि लॉगिनमधे डोमेन (ऑफिसच्या विंडोज नेटवर्कचं नाव), उलटा स्लॅश, मग युजरनेम असं लिहायचं.

फारच जुना डबा सर्व्हर म्हणून चालू असेल तर गोष्ट वेगळी, त्याला फक्त जुनी एसएमबी 1 येते. ऍपलने 2013 च्या मॅव्हरिक्सपासून एसएमबी 2 ला पहिला मान दिला, आणि 2017 मधे वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने एसएमबी 1 मधूनच शिरून गोंधळ घातल्यावर एसएमबी 1 चालू ठेवणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. चालू करून देण्याचा आग्रह झाला तरी मी देत नाही.

पण खरी मजा फाईलच्या नावांत आहे. मॅकवर "कार्ड 15/8 फायनल?" असं नाव बिनधास्त चालतं. विंडोजला स्लॅश, कोलन, प्रश्नचिन्ह, चांदणी, अवतरणचिन्ह काहीच चालत नाही, मग मॅक त्यांच्या जागी दुसरीच अक्षरं ठेवतो आणि विंडोजवर तिथे चौकोन नाहीतर ठिपका दिसतो. नावाच्या शेवटी चुकून स्पेस राहिली तरी तीच रड.

राजवाड्याकडच्या एका प्रेसमधे गणेश मंडळाच्या स्मरणिकेचं काम चाललं होतं, सर्व्हरवर "दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रम" नावाच्या दोन फाईली, अक्षर न अक्षर तेच. प्रेसवाले काका म्हणाले, "अरे एका फोल्डरमधे एका नावाच्या दोन कशा राहतील?" विंडोजच्या मते त्या एका नावाच्या नव्हत्याच. आपल्या "दुसऱ्या"तला ऱ युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक अख्खं अक्षर, नाहीतर साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नावं अशी फोडून, र वेगळा आणि नुक्ता वेगळा, ठेवायची, आणि तिथे बनवलेली झिप सर्व्हरवर उघडली की फोडलेलंच नाव येतं. विंडोजच्या कीबोर्डवर अख्खा ऱ टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे, विंडोजच्या डिस्कपद्धतीला, एनटीएफएसला, वेगळे. गंमत म्हणजे ऑपरेटर एकीत दुरुस्त्या करत होता आणि छपाईच्या प्लेटला दुसरी जात होती. दोन्ही उघडून तारीख बघितली, जुनीचं नाव विंडोजवरूनच बदललं. मराठी प्रेसला फाईलीची नावं रोमनमधे द्या म्हणणं मला आवडत नाही, पण सर्व्हरवरच्या कामापुरतं सांगतो.

आणि मॅकने टाकलेल्या डॉट डीएस स्टोअर नावाच्या फाईली बघून व्हायरस-व्हायरस ओरडू नका, फोल्डर कसा दिसावा एवढंच त्यात असतं, खुशाल उडवा. डॉट आणि अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या मात्र बघून उडवा. प्रेसवाल्यांकडे मॅकचे जुने सूटकेस फॉन्ट असतात, त्यांचा सगळा माल रिसोर्स फोर्कमधे, म्हणजे फाईलीला जोडलेल्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणून फॉन्टची साइज शून्य केबी दिसते आणि काही सर्व्हरवर तो माल त्या अंडरस्कोअरवाल्या फाईलीत जातो. साफसफाईत ती उडाली की फॉन्ट गेला. असे फॉन्ट मॅकवरच कॉम्प्रेस करून मग सर्व्हरवर टाका. वर झिपला नावं ठेवली खरी, पण इथे तीच कामाला येते.