हूवर धरण ते लास वेगास वॉश: वाळवंटी शहराच्या पाण्याचा माग

कोलोरॅडो नदीवरच्या हूवर धरणावर सकाळी लवकर पोचावं. उन्हाळ्यात दहानंतर काँक्रीटच्या माथ्यावर उभं राहवत नाही, आणि इथं निवांत बघण्यासारखं बरंच आहे. धरणाला लागून पाण्यात चार उंच मनोरे उभे आहेत. ते वीजघराला पाणी देणारे. लास वेगास शहराच्या नळाशी त्यांचा संबंध नाही. शहराच्या दृष्टीनं बघायचा तो काठावरच्या खडकांवरचा पांढरा पट्टा. एकेकाळी पाणी जिथवर होतं तिथवर कॅल्शियमचे क्षार खडकावर बसले, पाणी उतरलं आणि पट्टा उघडा पडला. धरणामागचं हे सरोवर, लेक मीड, भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून सव्वाबाराशे फुटांच्या आसपास असते. जुलै २०२२ मध्ये ती १,०४० फुटांवर आली होती.

या सरोवरात नेवाडा राज्याचा वाटा वर्षाला ३ लाख एकर-फूट. एक एकरावर एक फूट पाणी म्हणजे एक एकर-फूट, साधारण १२ लाख ३३ हजार लिटर. आपल्या सवयीच्या मापात हा वाटा जेमतेम १३ टीएमसी होतो. कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, अ‍ॅरिझोनाला २८ लाख. ही वाटणी १९२८ च्या बोल्डर कॅनियन प्रोजेक्ट अ‍ॅक्टमधली. तेव्हा लास वेगास हे रेल्वेच्या आधारानं वसलेलं छोटं गाव होतं, त्यामुळे नेवाडानं फार काही मागितलं नाही. आज वीस लाखांहून जास्त माणसं त्याच आकड्यात बसवायची आहेत, कारण लास वेगासच्या खोऱ्याचं जवळजवळ नव्वद टक्के पाणी इथूनच येतं. बाकीचं भूजल.

धरणावरून लेकशोअर रोडनं उत्तरेकडे निघालो की उजव्या हाताला सरोवर सोबतीला असतं. हेमेनवे हार्बरला गाडी थांबवून बोटींचा उतार जरूर बघावा. पाणी मागं हटेल तसा तो पुढे पुढे वाढवावा लागतो. त्याच्या थोडं पुढे सॅडल आयलंड. पाणी उचलण्याची जागा हीच, पण प्रवाशाला आत सोडत नाहीत आणि बाहेरून विशेष काही दिसतही नाही. सगळी करामत जमिनीखाली आहे.

इथं तीन इनटेक, म्हणजे सरोवरातून पाणी आत घेणारी तोंडं, आहेत. पहिला १,०५० फूट पातळीवर, दुसरा १,००० फुटांवर आणि तिसरा ८६० फुटांवर. एप्रिल २०२२ मध्ये पहिल्याचं तोंड पाण्याबाहेर आलं आणि तो बाद झाला. पातळी ८९५ फुटांखाली गेली तर हूवर धरणातून खाली एक थेंबही सोडता येत नाही. तिसरा इनटेक त्याच्याही खाली आहे. म्हणजे नदी धरणाच्या पुढे वाहायची थांबली तरी शहराला पाणी उचलता येईल. त्यासाठी सरोवराच्या तळाखालून सुमारे तीन मैल लांब आणि आतून २० फूट व्यासाचा बोगदा खणला. खणणाऱ्या यंत्राच्या तोंडावर पाण्याचा १५ बारपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरापट, दाब यायचा. २०१० मध्ये खडकातल्या भेगेतून पाणी घुसून सुरुवातीचा बोगदा भरला. तो सोडून देऊन दिशा बदलावी लागली. काम २०१५ मध्ये संपलं, खर्च सुमारे ८१.७ कोटी डॉलर.

नुसता खोल बोगदा पुरत नाही. पाणी तळाशी आलं तरी ते वर आणणारे पंप उंच पातळीवर असतील तर सक्शन तुटतं. म्हणून काठावर ५०० फुटांहून खोल ३४ विहिरी घेऊन प्रत्येकीत एक पंप सोडला. याला आणखी सुमारे ५२ कोटी डॉलर लागले. सगळे मिळून दिवसाला ९० कोटी गॅलन, म्हणजे ३४० कोटी लिटर उपसू शकतात. हे केंद्र २०२० मध्ये बांधून तयार होतं आणि पहिला इनटेक उघडा पडला त्याच महिन्यात ते चालू केलं. पाणी खाली गेल्यावर टेंडर काढलं असतं तर शहराचा मुख्य उपसा दुसऱ्या इनटेकच्या भरवशावर राहिला असता. दुष्काळाच्या कामांना दहा-बारा वर्षं लागतात, त्यामुळे निर्णय दुष्काळ डोळ्यांना दिसायच्या आधीच घ्यावा लागतो. या सहलीतली आम्हांला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ती हीच.

उचललेलं पाणी ओझोन, गाळणी आणि क्लोरीन या क्रमानं शुद्ध करून डोंगरापलीकडे शहरात चढवतात. शहराचा मोठा भाग सरोवरापेक्षा हजारएक फूट उंच आहे. दर दहा मीटर चढाला एक बार दाब लागतो, म्हणून टप्प्याटप्प्यानं टाक्या आणि पंप. वस्ती पश्चिमेला डोंगराकडे सरकत गेली तसा एकेक टप्पा वाढत गेला. वरच्या कॉलनीतलं पाणी खालच्यापेक्षा नेहमीच महाग पडतं, मग बिलात ते वेगळं दिसो वा न दिसो.

रस्ता पुढे एका ओढ्यावरून जातो. भर वाळवंटात बारमाही वाहणारा हा प्रवाह म्हणजे लास वेगास वॉश. इथं उतरून थोडा वेळ द्यावाच, कारण या शहराच्या पाण्याचा हिशेब समजतो तो इथं. ओढ्यातलं बहुतेक पाणी शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी आहे आणि ते परत लेक मीडला जाऊन मिळतं. जेवढं परत गेलं तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते. नेवाडाचा ३ लाखांचा वाटा मोजला जातो तो उचललेल्या पाण्यावर नाही, उचल वजा परतावा असा. म्हणून प्रत्यक्ष उपसा ३ लाखांच्या पुष्कळ वर जातो आणि तरीही वापर वाट्याच्या आत राहतो. घरात वापरलेलं जवळपास सगळं पाणी, ९९ टक्के, असं फिरून येतं.

यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. आंघोळीचं पाणी वाचवून शहराचा साठा फारसा वाढत नाही. पंपाची वीज वाचते, शुद्धीकरणाचा खर्च वाचतो, आणि तेही हवंच. पण साठ्याच्या हिशेबात खरी गळती अंगणात आहे. हिरवळीवर फवारलेलं, कूलिंग टॉवरमधून उडालेलं, जलतरण तलावातून वाफ झालेलं पाणी परत येत नाही. सेप्टिक टँकवर चालणाऱ्या घरांचंही तेच, जमिनीत मुरलं ते वॉशला मिळत नाही. म्हणून अशी घरं मलवाहिनीला जोडायला अनुदान देतात. खोऱ्याबाहेर जिथून उतारानं पाणी वॉशकडे येत नाही अशा जागी वसाहत केली, तर तिचा प्रत्येक लिटर पूर्ण वापरात धरावा लागतो. नवी वस्ती कुठं होऊ द्यायची हे ठरवताना पाण्याची लाइन किती लांब न्यायची याइतकंच सांडपाण्याचा उतार कुठं जातो हे बघायला हवं.

वॉशच्या काठानं वर गेलं की क्लार्क काउंटी वेटलँड्स पार्क. पायवाटा चांगल्या आहेत. पाणी आणि टोपी मात्र बरोबर हवीच, जुलैमध्ये पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो. इथले बंधारे मुद्दाम जवळून बघावेत. शहर वाढलं तसं ओढ्यात बारमाही पाणी वाढलं, मऊ गाळाचा तळ खचत गेला, काठ ढासळले आणि जुनी पाणथळ गवताळ जमीन कोरडी पडली. ती सगळी माती सरोवरात जायला लागली, आणि त्याच सरोवरातून प्यायचं पाणी उचलायचं. त्यावर उपाय म्हणून प्रवाहात ठिकठिकाणी दगड-काँक्रीटचे वीसेक बंधारे घातले. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी संथ पसरतं, गाळ बसतो, लव्हाळं धरतं. खालच्या बाजूला पाण्याचा जोर मोडायला मोठे धोंडे पसरलेले असतात. ते धोंडे कमी पडले की बंधाऱ्याचा पाया खालून पोखरला जातो, त्यामुळे पुरानंतरची पहिली पाहणी तिथंच करायची. काठावरची परदेशी टॅमरिस्कची झुडपं काढून देशी विलो आणि कॉटनवुड लावलेत. सांडपाण्यातला फॉस्फरसही काढावा लागतो, नाहीतर सरोवराच्या खाडीत शेवाळ माजतं. २००१ मध्ये ते झालं होतं.

शहरात शिरल्यावर रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवावं. कुठं खडी आणि ठिबकवरची झुडपं, कुठं अजून हिरवळ. या हवेत एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला ७३ गॅलन पाणी लागतं, वाळवंटी झाडांना सुमारे १८. बचत ५५ गॅलन, म्हणजे दोनशे लिटरच्या वर. हिरवळ काढणाऱ्याला चौरस फुटाला अनुदान मिळतं. दर वेळोवेळी बदलला आहे, पण ३ डॉलर धरला तर वर्षाला एक एकर-फूट वाचवायला साधारण ५,९०० चौरस फूट हिरवळ जायला हवी आणि त्याला एकदाच १७-१८ हजार डॉलर लागतात. दरवर्षी मिळत राहणाऱ्या पाण्याला हा भाव स्वस्त आहे. २०२१ च्या राज्य कायद्यानं त्यापुढची पायरी गाठली: नुसत्या शोभेच्या, कुणी पाय न ठेवणाऱ्या हिरवळीला, घरगुती अंगणं वगळता, २०२६ संपल्यावर कोलोरॅडोचं पाणी द्यायचं नाही.

अनुदानाच्या अटी कुणाही नगरपालिकेनं शिकाव्यात अशा आहेत. हिरवळ काढण्याआधी अर्ज आणि पाहणी. आधीच काढली असेल तर पैसे नाहीत. झाडं वाढल्यावर निम्मी जागा पानांनी झाकली गेली पाहिजे, नुसती खडी अंथरून भागत नाही. पुढे पुन्हा हिरवळ लावणार नाही हे लेखी बांधून घेतात. ठिबकला फिल्टर आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर लागतो. इथलं पाणी जड असल्यानं ड्रीपर क्षारांनी चोंदतात, म्हणून लॅटरलचं, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळीचं, टोक उघडून अधूनमधून धुवावं लागतं.

चूक होते ती मोठ्या झाडांच्या बाबतीत. हिरवळीतलं जुनं झाड हिरवळीच्याच फवाऱ्यावर वाढलेलं असतं, मुळं उथळ आणि लांबवर पसरलेली. फवारा बंद करून बुंध्याशी दोन ड्रीपर लावले की झाड वर्ष-दोन वर्षांत वाळतं, सावली जाते आणि रस्ता आणखी तापतो. ड्रीपरचं कडं झाडाच्या घेराच्या कडेपर्यंत न्यायचं, पाणी कमी वेळा पण खोल द्यायचं, आणि हे हिरवळ काढायच्या आधी चालू करायचं. शहरात अशी वाळलेली झाडं दिसतात आणि वाईट वाटतं, कारण ती सहज वाचली असती.

शेवटचा थांबा स्प्रिंग्ज प्रिझर्व्ह, शहराचे मूळ झरे होते ती जागा. १९०७ पासून इथं विहिरी पाडल्या, उपसा वाढत गेला आणि १९६२ मध्ये झरे आटले. खोऱ्यात काही ठिकाणी जमीनही काही फूट खचली. आता हिवाळ्यात मागणी कमी असताना नदीचं शुद्ध पाणी विहिरींतून परत जमिनीत सोडून साठवतात.

राहिला पैसा. १९९१ पर्यंत खोऱ्यातल्या पाणीपुरवठा संस्था एकमेकींशी चढाओढीनं पाणी वापरत होत्या, कारण जास्त वापर दाखवला तर उरलेल्या वाट्यावर हक्क सांगता यायचा. त्या वर्षी सदर्न नेवाडा वॉटर अथॉरिटी स्थापून सात संस्थांनी हक्क एकत्र केले आणि टंचाई वाटून घ्यायचं ठरवलं. पॅट मलरॉय पहिल्या महाव्यवस्थापक. हे झालं नसतं तर वाचवणारी संस्था तोट्यात आणि उधळणारी फायद्यात राहिली असती, आणि पुढचं कुठलंच कर्ज कुणी काढू शकलं नसतं.

बोगदे-पंपांचा पैसा कर्जरोख्यांतून येतो आणि हप्ते अनेक झऱ्यांतून: नव्या घरांचं जोडणी शुल्क, पाण्याच्या वापरावरचा आकार, विक्रीकरातला पाव टक्का, आणि १९९८ च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या जमीनविक्रीतला दहा टक्के वाटा. यातला जोडणी शुल्काचा भाग न्याय्य आहे, ज्याच्यामुळे वाढ त्यानं ती फेडावी. पण तो बांधकामाच्या तेजीवर चालतो. २००८ नंतर घरबांधणी ठप्प झाली, हे उत्पन्न जवळपास संपलं, आणि तिसऱ्या इनटेकचं काम तर थांबवता येणार नव्हतं. त्यात बचतीचाही फटका: लोकांनी पाणी कमी वापरलं की वापरावरचा आकार घटतो, हप्ता मात्र तेवढाच राहतो.

मग २०१२ मध्ये मीटरच्या आकारमानानुसार स्थिर अधिभार लावला. तत्त्व बरोबर होतं, पण अग्निशमनाच्या जोडणीला मोठा नळ लागतो आणि त्यातून रोज पाणी वाहत नाही. छोट्या दुकानांना त्या नळामुळे बिलात जबर वाढ दिसली आणि मोठा ओरडा झाला. फायरलाइनचा, म्हणजे या अग्निशमन जोडणीचा, आकार कमी करावा लागला आणि दराचा विषय नागरिकांच्या सल्लागार समितीपुढे गेला. स्थिर आकार ठरवताना घरगुती, व्यापारी आणि फायरलाइन असे तीन तक्ते वेगळे काढून प्रत्येकात सर्वांत लहान ग्राहकाचं बिल आधी किती आणि नंतर किती हे तपासलं, तर असा गोंधळ मंजुरीआधीच दिसतो. जोडणी शुल्काचा पैसा हप्त्यात धरूच नये. तेजीत तो राखीव निधीत टाकावा आणि हप्ते स्थिर आकार व करातून भागतील एवढंच कर्ज काढावं.