खालच्या फांदीवर

रविवार, २१ डिसेंबर २०२५

अण्णांनी ते तिथून का काढलं, तेवढंच कळत नाहीये. सकाळपासून डोक्यात तेच. वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये उपासनेला बसले होते खरी, पण पाळकसाहेब काय बोलले ते विचाराल तर सांगता यायचं नाही.

अण्णांसाठी केलेलं इवलंसं कोल्हापुरी पायताण काल रात्री मी नाताळच्या झाडावर वर टांगलं होतं, चांदणीच्या अगदी शेजारी. सकाळी बघते तर सगळ्यात खालच्या फांदीवर, तेही भिंतीच्या बाजूला. छकुली म्हणाली, "आजोबांनी ठेवलं." कधी, कशाला, काही नाही.

आत्याचं बोलणं लागलं असेल का त्यांना? काल करंज्या तळता तळता ती म्हणाली, "पायताण व्हय? झाडाला? प्रभूच्या जन्माच्या झाडाला?" तिच्या मनात वाईट नव्हतं. मोशेला देवानंच जोडे काढायला लावले, पवित्र जागी पायताण चालत नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, योहान तर म्हणाला की येणाऱ्याच्या पायतणाचा बंद सोडायचीही माझी लायकी नाही. म्हणजे प्रभूच्या पायांत पायताण होतं, आणि ते कुणीतरी शिवलेलं असणारच की. आत्या गप्प झाली. अण्णा तिथंच खुर्चीत होते. त्यांनी दोघींपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही.

ते गप्प राहिले, हे मला जास्त बोचतंय.

दुकानातले चमकणारे गोळे अण्णांसाठी नकोच होते मला. त्यांची पेटी काढली. कातडं कापायच्या रापीला गंजाचा ठिपका नाही. म्हणजे अजून तेल लावत असणार ते, आम्हाला कुणाला न सांगता. तळाचं म्हशीचं कातडं एवढ्या लहान मापाला जाड पडतं, म्हणून तासून पातळ केलं. वेणीला बकऱ्याचं घेतलं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजलं की जो वास सुटतो तो एके काळी आमच्या घराचाच वास होता. वेणीचे पट्टे इतके बारीक कापायचे की रापी जरा हलली तरी तुटतात. खिळा कुठंच नाही, सगळं वादीनं शिवलं. खिळा मारलेलं पायताण अण्णांनी जन्मात कुणाला दिलं नाही. कातडं ओलं होतं तोवरच तळावर त्यांचेच ठसे दाबले, वाळल्यावर पक्के बसतात. पुढं २०२५, टाचेशी ८. आठ नंबर त्यांच्या स्वतःच्या पायाचा. वर लाल गोंडा. सगळं मिळून माझ्या मधल्या बोटाएवढं लांब.

हातात दिलं तर त्यांनी आधी उलटं केलं. गोंड्याकडे बघितलंच नाही, तळ बघितला. आठच्या ठशावरून अंगठा फिरवला, दोनदा फिरवला. "वेणी सैल पडलीया," म्हणाले आणि परत दिलं.

जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या पायताणासारखीच चप्पल दिसली, तेव्हा हीच आत्या गल्लीभर सांगत फिरली होती, आमच्या भावानं जन्मभर हेच केलं म्हणून. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली, त्याचं कात्रण तिच्याच बायबलमध्ये आहे. तिथं मान आणि घरच्या झाडावर विटाळ, असं कसं? शाळेतलं पण आठवलं आज. ते इथं लिहीत नाही. आई असती तर... तेही राहू दे.

दुपारी फार रडू आलं. अण्णांना लाज वाटली का, स्वतःच्याच कामाची? मंगळवारी मंडळीतले सगळे गीतं गात घरी येणार, त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून भिंतीकडे? मला तुमच्या कामाचा अभिमान आहे हे तोंडानं सांगता येत नाही, म्हणून तर मी ते करायला बसले होते. आणि तेच त्यांना लपवावंसं वाटलं असेल तर?

संध्याकाळी राहवेना, विचारलंच.

"चांदणीत साठचा बल्ब हाय," ते म्हणाले. "कातडं तापतंय. वेणी आखडंल. एवढं कळंना व्हय तुला?"

एवढंच? मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरंही असेल. कमावलेलं कातडं उन्हात नाही, चुलीपाशी नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मग भिंतीच्या बाजूला का, ते विचारायचा मात्र धीर झाला नाही.

तेवढ्यात तेच म्हणाले, "आन जोड कुठाय?"

झाडाला एक पुरे, म्हटलं मी.

"एक म्हंजे कुणाचंतरी हरवल्यालं. जोड कर."

आणि पेटी त्यांनी स्वतः पायानं पुढं ओढली. हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत म्हणून रापी माझ्याकडे दिली, पण कातड्यावर नखानं रेघ त्यांनीच मारली. अंगठ्याच्या बाजूला वळण कुठं फिरवायचं, डाव्याचं उजवं करताना बाजूचा कान कुठला पुढं येतो, सगळं बोलून दाखवत होते. इतकं सलग बोलणं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आत्या मधेच येऊन गोंड्याला लाल लोकर ठेवून गेली. काही बोलली नाही, मीही नाही.

लाज होती की बल्ब, मला अजून सांगता येत नाही. दोन्ही थोडं थोडं असेल, आणि असलं तरी आता चालेल मला. नवीन वेणीचे पट्टे भिजत घातलेत, ही घट्टच विणणार. मंगळवारच्या आत जोड व्हायला हवा. उद्या दादाला सांगून चांदणीत एलईडी बसवून घेते. तो एवढा तापत नाही.