आमची वाटचाल : टर्नटेबलच्या पायाखाली

यंत्रांखाली बसवायचे कंपनरोधक पाये तयार करणे हे आमच्या छोट्या कारखान्याचे मूळ काम. प्रयोगशाळेतील नाजूक तराजू, सूक्ष्मदर्शक, सतत चालणारे पंप अशा उपकरणांसाठी आम्ही रबराचे आणि स्प्रिंगचे आधार बनवत आलो, आणि त्याच कामाच्या ओघात उच्च दर्जाचे टर्नटेबल (ध्वनिमुद्रित तबकड्या वाजवणारे यंत्र) बाळगणारे संगीतप्रेमी आमच्याकडे येऊ लागले. आम्हाला हे काम परके वाटले नाही. तबकडीच्या खाचेतील सर्वांत बारीक वळणे एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, त्यामुळे ती वाचणारी सुई आमच्या लेखी मोजमापाचे उपकरणच आहे. तबकडी आणि टोनआर्म (सुई धरणारा दांडा) यांच्यात जी सापेक्ष हालचाल होईल, ती संगीताची असो वा चालणाऱ्या पावलांची, कार्ट्रिज (टोनआर्मच्या टोकाची सुईची डबी) तिचे विद्युत संकेतात रूपांतर करते. शिवाय तबकडी वाजवताना आरआयएए वक्रानुसार (तबकड्यांसाठी ठरलेल्या सुरांच्या चढउताराच्या प्रमाणानुसार) खालचे सूर वाढवले जातात. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला ही वाढ सुमारे १७ डेसिबल असते, म्हणजे जमिनीतून आलेली घरघरही त्याच प्रमाणात मोठी होऊन बाहेर पडते.

सर्व टर्नटेबलांना चालेल असा एकच पाया बनवून तो मोठ्या संख्येने विकावा, असा सल्ला आम्हाला सुरुवातीपासून मिळत होता. व्यवसाय म्हणून तो सोपा मार्ग होता, पण तो आम्ही स्वीकारला नाही आणि आजही स्वीकारणार नाही. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची नैसर्गिक वारंवारता (धक्का दिल्यावर ती सेकंदाला किती वेळा डोलते तो आकडा) त्या वस्तूच्या वजनाखाली स्प्रिंग किती दबते यावर ठरते. १० मिलिमीटर दबणाऱ्या स्प्रिंगची उभी वारंवारता सुमारे ५ हर्ट्झ येते, तर ३ हर्ट्झ हवे असतील तर तिने सुमारे २८ मिलिमीटर दबले पाहिजे. आठ किलोच्या टर्नटेबलखाली नेमका बसणारा पाया पंचवीस किलोच्या टर्नटेबलखाली पार दबून टेकतो, आणि हलक्या टर्नटेबलखाली तो इतका ताठ राहतो की कंपने अडवण्याऐवजी आपल्या वारंवारतेवर ती वाढवतो. स्प्रिंग कंपने अडवू लागते ती तिच्या नैसर्गिक वारंवारतेच्या साधारण १.४ पटीच्या वर. त्याखाली तिचा उपयोग नाही, उलट अपायच आहे.

मग ही वारंवारता किती खाली न्यायची? याचे उत्तर टोनआर्मकडे आहे. टोनआर्मचे परिणामी वस्तुमान (हालताना सुईला जाणवणारे) १२ ग्रॅम, कार्ट्रिज आणि स्क्रू मिळून ८ ग्रॅम आणि सुईची लवचिकता १२ मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन असेल, तर त्या जोडीचा रेझोनन्स (ज्या वारंवारतेवर ती सर्वाधिक डोलते ती) सुमारे १० हर्ट्झला येतो. ८ ते १२ हर्ट्झ ही त्याची योग्य जागा मानतात, कारण वाकलेल्या तबकडीची हालचाल त्याच्या खाली आणि ऐकू येणारे संगीत त्याच्या वर राहते. नेमक्या याच पट्ट्यात बाहेरून हालचाल आली तर टोनआर्म ती वाढवून घेतो. आमच्या हिशेबात म्हणूनच १० हर्ट्झ हा आकडा सतत समोर असतो. ५ हर्ट्झचा आधार १० हर्ट्झच्या कंपनाचा एक तृतीयांश भाग वर जाऊ देतो, तर ३ हर्ट्झचा आधार जेमतेम एक दशांश. आम्ही ३ हर्ट्झच्या आसपास थांबतो. साध्या स्प्रिंगने १ हर्ट्झ गाठायचे तर ती जवळजवळ २५० मिलिमीटर दबावी लागेल, आणि एवढ्या मऊ आधारावर टोनआर्म उचलण्यासाठी बोट लावले तरी संपूर्ण टर्नटेबल डोलू लागेल. त्याहून खाली जाण्यासाठी ऋण कडकपणाच्या तत्त्वावरचे (जोडयंत्रणेने स्प्रिंगचा ताठपणा कमी करणारे) आधार आहेत. ते उत्तम काम करतात, पण त्यांना वजनाचे फार काटेकोर जुळवणे लागते.

जोडणीचे काम आम्ही वजनकाट्यापासून सुरू करतो. टर्नटेबलच्या चारही कोपऱ्यांखाली एकाच उंचीचे चार काटे ठेवून प्रत्येकावरचा भार लिहून घेतला जातो, आणि तो क्वचितच सारखा निघतो. मोटर एका बाजूला, टोनआर्मचा खांब दुसऱ्या बाजूला आणि जड प्लॅटर (तबकडीखालची फिरती थाळी) मध्यापासून सरकलेला असल्यामुळे एखाद्या कोपऱ्यावर दुसऱ्याच्या दीडपट भार येणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी स्क्रू फिरवून उंची सारखी करण्यावर आमचा विश्वास नाही. आम्ही स्प्रिंगच्या जागा सरकवतो, म्हणजे प्रत्येक स्प्रिंग सारखीच दबते. त्यानंतर प्लॅटरवर पाणसळ ठेवून समतलपणा पाहायचा आणि प्लिंथ (टर्नटेबलचा मुख्य सांगाडा) तळहाताने किंचित दाबून सोडायचा. तो सरळ वर-खाली झाला तर जोडणी जमली. तिरका किंवा गोल डोलला तर भाराचा मध्य आणि आधाराचा मध्य अजून जुळलेला नाही, आणि काम पुन्हा काट्यापासून सुरू करावे लागते.

पोलादी स्प्रिंग वरच्या वारंवारतांना स्वतः झणझणते, म्हणून तिच्या बैठकीत आम्ही पातळ व्हिस्कोइलास्टिक (कंपने जिरवणारी) चकती घालतो. केवळ रबरावर अवलंबून राहण्याचे आम्ही टाळतो, कारण रबराचा गतिमान कडकपणा स्थिर कडकपणाहून जास्त असतो आणि ते वर्षानुवर्षे हळूहळू बसत जाते. टोकदार स्पाइक टर्नटेबलला जमिनीशी घट्ट जोडतात; ती वेगळी गरज आहे.

काही ग्राहकांना आम्ही काहीच विकत नाही. जमीन लाकडी तुळयांवरची असेल आणि चालताना सुई उडी मारत असेल, तर भरभक्कम भिंतीवर ठोकलेली फळी हा पहिला उपाय आहे आणि आम्ही तो आधी सांगतो. एडगर व्हिल्चर यांनी १९६१ मध्ये आणलेल्या एआर (अकूस्टिक रिसर्च) कंपनीच्या टर्नटेबलमध्ये प्लॅटर आणि टोनआर्म एकाच तरंगत्या चौकटीवर होते; लिन कंपनीचे सोंडेक एलपी१२ हे टर्नटेबल त्याच परंपरेतील. अशा टर्नटेबलखाली आमचा मऊ आधार घातला की दोन स्प्रिंग-व्यवस्था एकमेकींना हलवू लागतात. त्यांना हलके, ताठ स्टँडच मानवते.

हवेतून येणारा आवाज मात्र कोणताही पाया अडवत नाही. म्हणून जोडणीनंतर प्लॅटर थांबवून सुई तबकडीवर टेकवायची, दुसऱ्या साधनावरून स्पीकरवर संगीत लावायचे आणि फोनोचा (टर्नटेबलकडून येणारा) संकेत त्याच वेळी रेकॉर्ड करायचा, अशी चाचणी आम्ही आग्रहाने घेतो. त्या रेकॉर्डिंगमध्ये संगीत स्पष्ट ऐकू आले, तर टर्नटेबल स्पीकरपासून दूर किंवा खोलीच्या कोपऱ्यातून बाहेर हलवायला सांगतो आणि झाकण काढून पुन्हा ऐकतो. सध्या प्रत्येक मागणीसोबत आम्ही टर्नटेबलचे वजन, टोनआर्म व कार्ट्रिजची माहिती आणि जमिनीचा प्रकार लिहून मागतो. तेवढे हाती आल्याशिवाय स्प्रिंग कापायला घेत नाही.