दारातला दोडका आणि इथलं होमरूल

दोडक्याच्या मांडवाखाली गवत वाढलं म्हणून सिटीने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आम्हाला नोटीस दिली. हो, गवत. फ्लॉरिडात, ऐन जुलैमध्ये, जेव्हा रोज दुपारी धो धो पाऊस पडतो आणि सकाळी कापलेलं गवत संध्याकाळी परत मान वर काढतं. नोटीस दाराच्या मुठीला अडकवलेली, सोबत रंगीत फोटो, फोटोत गवताशेजारी उभी धरलेली मोजपट्टी. मर्यादा दहा इंच, आमचं गवत बारा. एवढा व्यवस्थित पंचनामा आपल्याकडे चोरी झाली तरी होत नाही.

टँपाच्या आसपास राहणाऱ्यांना कळेलच मी कुठल्या टाइपच्या गावाबद्दल बोलतेय, नाव लिहीत नाही, उद्या परत त्याच ऑफिसात जायचंय. इथे प्रत्येक शहराचा आपापला कोड असतो. गवत किती, कुंपण किती उंच, ड्राइव्हवेत बोट उभी करायची की नाही, भिंतीचा रंग उडालाय का, कचऱ्याचा डबा कधी बाहेर आणि कधी आत. आणि हा कोड कागदावर ठेवायला नसतो, त्यासाठी पांढऱ्या पिकअपमधून फिरणारा माणूस असतो. आधी नोटीस, मग दुरुस्तीला मुदत, मग बोर्डापुढे किंवा मॅजिस्ट्रेटपुढे सुनावणी, मग दंड. राज्याच्या कायद्यात सरसकट मर्यादा अशी आहे की पहिल्यांदा दिवसाला 250 डॉलरपर्यंत आणि तीच चूक परत केली तर दिवसाला 500 पर्यंत. दिवसाला! आणि नाही भरला तर घरावर बोजा चढतो.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरवायला लिहिलेलं असणार, प्रत्यक्षात कोण घेतंय. तर आमच्यापासून फार लांब नसलेल्या डनीडिनमध्ये 2018 साली एका म्हाताऱ्या गृहस्थांवर गवतापायी जवळजवळ 30,000 डॉलर दंड चढला. आई वारली म्हणून ते तिचं घर आवरायला दुसऱ्या राज्यात गेले होते, ज्याला गवत कापायला सांगितलं होतं तो माणूसच मधे वारला, आणि इकडे रोजचे 500 चढत राहिले. सिटीने घर जप्त करण्यापर्यंत तयारी केली. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं, तिथे सिटीच जिंकली. मी ही गोष्ट वाचली त्या रात्री साडेनऊ वाजता टॉर्च लावून मांडवाखाली गवत उपटत होते, नवरा खिडकीतून बघून हसत होता.

असो. मुदतीनंतर इन्स्पेक्टर परत आला. भला माणूस, टोपी काढून बोलला, पाणी दिलं तर घेतलं. मला वाटलं होतं आता मांडवावर घसरणार, कारण आमचा मांडव काही शोभेचा नाही, बांबू नाहीत म्हणून पीव्हीसी पाइप आणि सुतळी, वर दोडके लटकलेले, खाली कडेला अळू. पण तो म्हणाला, "भाजीला मी हात लावू शकत नाही मॅडम, स्टेटचा कायदा आहे. गवत मात्र माझ्याकडे येतं." आणि खाली वाकून मोजपट्टी लावून, मान डोलावून गेला.

मला राहवेना. हे काय नवीन, भाजीला कायद्याचं संरक्षण? शोधलं तर काय सापडलं बघा. मायामीजवळ मायामी शोअर्स म्हणून गाव आहे. तिथे एक जोडपं 17 वर्षं घरासमोर भाजी लावत होतं, कारण मागच्या अंगणात ऊन येत नव्हतं. 2013 मध्ये गावाने ठरवलं की घराच्या दर्शनी बाजूला भाजी चालणार नाही. फळझाड चालेल, फुलं चालतील, प्लॅस्टिकचा गुलाबी फ्लेमिंगो चालेल, पण कोबी नाही. दिवसाला 50 डॉलर दंड म्हटल्यावर त्यांनी सगळं उपटलं आणि कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, गावाला तो अधिकार आहे. मग राज्याच्या विधिमंडळानेच 2019 मध्ये कायदा केला की घराच्या आवारातल्या भाजीवर कुठल्याही शहराने, काउंटीने (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) नियम लावायचा नाही. माझा दोडका त्या कायद्यावर उभा आहे.

आणि इथेच खरी गंमत आहे. कारण ज्याला मी माझं संरक्षण म्हणतेय त्यालाच इथले निम्मे लोक गावावरचं अतिक्रमण म्हणतात.

होमरूल म्हटलं की आपल्याला टिळक आणि बेझंटबाई आठवतात, ते राहू द्या. इथलं होमरूल म्हणजे शहराने आपलं आपण ठरवायचं, राज्याच्या कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नसेल तर प्रत्येक गोष्टीला वर विचारायला जायचं नाही. फ्लॉरिडाच्या 1968 च्या घटनेत ते आलं, 1973 च्या कायद्याने पक्कं झालं. त्याच्या आधी उलटं होतं, राज्याने दिलं तेवढंच शहराचं. पण त्यात एक फट राहिली, ती म्हणजे राज्य कधीही म्हणू शकतं की हा विषय आता आमचा. आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत राज्य हे सारखंच म्हणतंय.

‘की वेस्ट’ म्हणून बेटावरचं गाव आहे, तिथल्या लोकांनी 2020 मध्ये मतदान करून मोठ्या क्रूझ जहाजांवर बंदी आणली, पुढच्या वर्षी राज्याने ते मतदानच निष्फळ केलं. त्याच गावाने प्रवाळ वाचवायला काही सनस्क्रीनवर बंदी घातली, तीही राज्याने झोपवली. मायामी-डेड काउंटीत उन्हात राबणाऱ्या मजुरांना पाणी, सावली आणि मधे विश्रांती मिळावी असा स्थानिक नियम येऊ घातला होता, 2024 मध्ये राज्याने कायदा केला की उन्हाबद्दल कुठल्याही शहराने, काउंटीने मालकांवर असा नियम लादायचा नाही. हे वाचून माझं डोकं फिरलं होतं. आमच्या कॉलनीत छपरं बदलणारी पोरं मी बघते, ऑगस्टमध्ये, दुपारी एकला, छपरावर. शहराला त्यांना पाणी द्या म्हणायचा अधिकार नाही, आणि माझं गवत मोजायचा आहे!

2025 मध्ये आणखी एक आला. हेलीन आणि मिल्टन ही वादळं येऊन गेली ना, त्यानंतर लोकांना घरं पुन्हा बांधताना त्रास नको म्हणून राज्याने ठरवलं की 2027 च्या ऑक्टोबरपर्यंत शहरांनी बांधकामाचे नियम आहेत त्यापेक्षा कडक करायचे नाहीत. ऐकायला बरं वाटतं. पण मग जिथे पूर आला तिथेच बिल्डर परत तसंच बांधणार आणि शहराने गप्प बघायचं का, म्हणून दोन डझनांच्या आसपास शहरं आणि काउंट्या राज्याविरुद्ध कोर्टात गेल्यात.

आमच्या सिटी हॉलमध्ये यावर चर्चा होती, नोटिशीमुळे अंगात शिरलंच होतं म्हणून मी जाऊन बसले. इथे कमिशनर म्हणजे निवडून आलेली माणसं, आपले नगरसेवक. आपल्या आयुक्तासारखं काम करतो सिटी मॅनेजर, आणि त्याला नेमतात आणि काढतात हे नगरसेवकच, राज्य सरकार नाही. हे मी दोनदा विचारून खात्री करून घेतलं. कुठल्याही माणसाने चिठ्ठी भरायची, तीन मिनिटं बोलायचं, समोर दिवा, हिरवा, पिवळा, लाल. एक बाई बोटीच्या नियमावर रडल्या. एक गृहस्थ उठले, स्टेटने आमच्या गावात नाक खुपसायचं कारण नाही असं तावातावाने सांगितलं, आणि त्याच तीन मिनिटांत, लाल दिव्याच्या आत, शेजाऱ्याच्या कोंबड्यांबद्दल सिटीने नाक खुपसावं अशी मागणीही करून बसले. कोणी हसलं नाही. मेयरबाईंनी थँक्यू म्हटलं.

त्या रात्री मिरजेला सासऱ्यांना फोन केला. ते एका नगरपालिकेत ओव्हरसियर होते, आता ऐंशीच्या घरात आहेत, पण विषय निघाला की अजून उठून बसतात. मी सगळं सांगितलं, म्हटलं बाबा, इथे राज्य शहराचे नियम असे पुसून टाकतं. ते म्हणाले, "अगं त्यात नवल काय, आमच्याकडे ठराव आम्ही करायचे आणि विखंडित मंत्रालयात व्हायचे. तुमच्याकडे निदान त्यासाठी कायदा करावा लागतो, इथे एक आदेश पुरतो."

आणि खरंच आहे. महापालिकेचा ठराव रद्द करायचा अधिकार सरकारकडे कायद्यातच आहे, कलम 451, पेपरात दर महिन्याला कुठे ना कुठे वाचतोच आपण. पुण्याचा विकास आराखडा 2015 मध्ये पालिकेकडून काढून सरकारने हातात घेतला. 2020 ला मुंबई आणि थोडे भाग सोडून सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, म्हणजे कोकणातल्या उतारावरच्या गावाला आणि लातूरला साधारण एकच माप. आणि 2022 पासून तर किती महापालिकांमध्ये जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. इथल्या माणसाला मी हे सांगितलं तर त्याचा विश्वासच बसेना, म्हणाला मग तुम्ही तक्रार कोणाकडे करायचा? मला थोडा राग आला. म्हटलं, आम्ही तक्रार करत नाही, आम्ही बोलतो. शेजारी गवत वाढलं तर वहिनींना गॅलरीतून हाक मारून सांगतो.

आणि आपल्या गुंठेवारीला हसणाऱ्यांना तर मला नेहमीच काहीतरी ऐकवावंसं वाटतं. हो, आधी बांधतो आणि मग नियमित करून घेतो. पण 2001 च्या त्या कायद्याने गावोगावी किती लोकांना, ज्यांनी आयुष्याची कमाई घालून एक-दोन गुंठे घेतले होते, रात्री झोप लागली. नियम ज्यांना परवडतो त्यांच्यासाठीच असेल तर तो मोजपट्टी घेऊन दारात उभा राहतो तेव्हा कोणाच्या दारात राहतो ते बघावं. इथेही पिकअप नदीकाठच्या बंगल्यांसमोर फारशी थांबत नाही, असं माझं निरीक्षण आहे. अर्थात तिथे गवत कापायला माणसं असतात हेही खरं.

आता तक्रारीचं. कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. हा इन्स्पेक्टर आपणहून आला नव्हता, कोणीतरी फोन केला होता. फ्लॉरिडात 2021 पासून निनावी तक्रार चालत नाही, जीविताला धोका वगैरे असेल तर गोष्ट वेगळी, एरवी नाव-पत्ता द्यावाच लागतो. तोही राज्याचाच कायदा, शहरांनी तेव्हा बोंब मारली होती की मग लोक घाबरून तक्रारच करणार नाहीत. शिवाय इथे सरकारी कागद कोणीही मागू शकतं. नवरा म्हणाला, "विचारू नकोस, कशाला." मी दोन दिवस विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी ईमेल केला. तासाभरात उत्तर, तक्रारीची प्रत, नाव, पत्ता, तारीख, सगळं. ना अर्ज, ना तिकीट, ना साहेब जेवायला गेलेत.

नाव लिहिणार नाही. एवढंच सांगते की मागच्या दिवाळीला त्या घरी मी चकल्या दिल्या होत्या आणि त्यांनी रेसिपी मागितली होती. रोज संध्याकाळी कुत्र्याला फिरवताना मांडवापाशी थांबून "काय सुंदर वेल आहे" म्हणायचे. अजूनही म्हणतात. मीही थँक्यू म्हणते. त्यांच्या बाजूने विचार केला तर त्यांना दारात येऊन बोलणं उद्धटपणा वाटत असेल, आणि सिटीला फोन करणं सभ्यपणा. पण मला अजून पटत नाही. दोन पावलं चालत यायचं होतं, दोन दोडके घेऊन गेले असते.

तेव्हा हिशेब असा आहे की भाजीच्या बाबतीत मी राज्याच्या बाजूची, निनावी अर्जाच्या बाबतीत राज्याच्या बाजूची, मजुरांच्या पाण्याबाबतीत आणि पुराबाबतीत शहराच्या बाजूची. कपडे वाळत घालायची दोरी कोणाला अडवता येत नाही असाही इथे राज्याचा जुना कायदा आहे, म्हणजे त्यातही राज्यच. नवरा म्हणतो तुला तत्त्व नाही. पण मला सांगा, त्या कोंबडीवाल्या गृहस्थांना कुठे होतं? शहराने करावं की राज्याने हा प्रश्न ज्याला पडतो त्याच्या डोक्यात आधी काय करावं हे ठरलेलंच असतं, मग तो त्याप्रमाणे दार निवडतो. निदान इथे निवडायला दोन दारं आहेत, आणि दोन्हीकडे कोणीतरी निवडून आलेलं बसलंय.

आमच्या कोड बोर्डावर सात माणसं असतात, गावातलीच, शक्यतो इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टर, आर्किटेक्ट अशी. एक जागा रिकामी आहे. पगार नाही, महिन्यातून एक संध्याकाळ जाते. मी सिव्हिल शिकलेली, सध्या घरी, त्यामुळे फॉर्म भरून दिलाय. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "बिनपगारी आहे ना, मग मिळेल तुला. फक्त पहिल्या मीटिंगला कोणाच्या तरी गवताचं प्रकरण आलं की तोंड बंद ठेव."