मुंबई ते पणजी: शिडाच्या नौकेतील गळते शौचालय आणि विजयदुर्गातील दुरुस्ती

डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका मित्राच्या बत्तीस फुटी शिडाच्या नौकेतून आम्ही तिघे मुंबईहून पणजीला गेलो. दिघी, जयगड, विजयदुर्ग आणि मालवण असे चार मुक्काम धरून हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैलांचे होते. या किनाऱ्याच्या सौंदर्याची वर्णने पुष्कळ झालेली आहेत, त्यामुळे मी त्यात भर घालत नाही. आमच्या प्रवासाचे पूर्ण दोन दिवस ज्या एका गोष्टीने खाल्ले, त्या नौकेच्या शौचालयाविषयीच येथे लिहीत आहे, कारण निघण्यापूर्वी याबद्दल कोणी सांगितले असते तर ते दोन दिवस वाचले असते.

प्रथम रचना सांगणे आवश्यक आहे. अशा नौकांतील शौचालयाला खलाशी ‘हेड’ म्हणतात. भांड्याच्या बाजूला हातपंप असतो. एका बारीक नळीतून, साधारणपणे १९ मिलिमीटरच्या, समुद्राचे पाणी भांड्यात येते आणि ३८ मिलिमीटरच्या जाड नळीतून मैला बाहेर जातो. या दोन्ही नळ्या नौकेच्या तळातील छिद्रांना जोडलेल्या असतात आणि प्रत्येक छिद्रावर ‘सीकॉक’ नावाची तोटी असते. भांडे बहुधा पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याखाली असल्याने घरातील संडासाचा अनुभव येथे उपयोगी पडत नाही. घरात नळी निसटली तर फरशी ओली होते. येथे पाण्याखाली दोन फुटांवरची जाड नळी निसटली, तर मिनिटाला शंभराहून अधिक लिटर पाणी आत येते आणि समुद्र संपत नाही.

मैल्याच्या वाटेवर, पंपातून बाहेर पडताच, रबराची एक चोच असते. तिला ‘जोकर व्हॉल्व्ह’ म्हणतात. बाहेर जाणाऱ्या पाण्याने ती उघडते आणि उलट येणाऱ्या पाण्याने मिटते. पुढे नळी वर चढून उलट्या यू आकाराचे वळण घेते आणि मग खाली सीकॉककडे जाते. त्या वळणाच्या माथ्यावर हवा आत घेणारी एक लहानशी झडप असते, जेणेकरून समुद्राचे पाणी वक्रनलिकेच्या तत्त्वाने आपोआप आत ओढले जाऊ नये. हे वळण नौका कलल्यानंतरही पाण्याच्या पातळीच्या वर राहिले पाहिजे. आमच्या नौकेत ते राहत नव्हते, पण हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले.

मुंबईहून दिघीपर्यंत पंप जड जात असल्याचे लक्षात आले होते. मालकाने ‘सवय होईल’ असे सांगितले आणि आम्ही तो विषय सोडून दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता दिघीहून निघालो. दुपारपर्यंत सर्व काही कोरडे होते. दाभोळच्या समोर आल्यावर वारा वाढला, नौका कलली आणि तासाभरात शौचालयाच्या खोलीत पायाखाली पाणी खेळू लागले. भांडे काठोकाठ भरले होते. घाईने मैल्याचा सीकॉक बंद करण्यास गेलो, तर दांडा जागचा हलेना. शेवटी शिडे लहान करून नौका सरळ केली, तेव्हा भांड्यातील पाण्याची पातळी आपोआप उतरली. त्या दिवशीच्या उरलेल्या प्रवासात बादली वापरली.

हे पाणी दुपारीच का येते, याचे उत्तर कोकणच्या वाऱ्यात आहे. या मोसमात पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो आणि दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा येतो. दक्षिणेकडे जाणारी नौका सकाळी मतलईने उजवीकडे कलते आणि दुपारी खाऱ्या वाऱ्याने डावीकडे. आमचे शौचालय डाव्या बाजूला होते. भांडे मध्यरेषेपासून एक मीटर अंतरावर असेल, तर वीस अंशांच्या कलाने ते सुमारे ३४ सेंटिमीटर खाली जाते, आणि त्याहूनही बाहेरच्या बाजूला, कपाटामागे असलेले नळीचे वळण आणखी खाली जाते. आमचे वळण नौका उभी असताना पाण्याच्या जेमतेम वीतभर वर होते. म्हणजे दुपारी समुद्र आणि भांडे यांच्यामध्ये केवळ ती रबराची चोच उरत होती. तेव्हा मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्यांनी आपले शौचालय कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहून ठेवावे. ते डावीकडे असेल तर दुपारी बारानंतर दोन्ही सीकॉक बंद ठेवण्याचा नियमच करावा.

जयगडला शास्त्री नदीच्या मुखात नांगर टाकल्यावर आम्ही जी दुरुस्ती केली, ती चुकीची होती. पंपाच्या दांड्याभोवतून पाणी झिरपताना दिसत होते, म्हणून दुरुस्ती-संचातील नवे सील बसवले. काम तासाभराचे होते, समाधानही मोठे झाले. दुसऱ्या दिवशी विजयदुर्गाच्या वाटेवर वरची गळती थांबलेली होती, परंतु आता पंपाच्या बुडाशी, कोपराच्या (वळणाच्या तुकड्याच्या) जोडातून पाणी येऊ लागले होते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा प्रकार होता. बाहेर जाण्याची वाट पुढे कोंडलेली असल्याने पंप मारताना आत दाब वाढत होता आणि जो जोड सर्वांत दुबळा, तेथून पाणी वाट काढत होते. एक जोड घट्ट केला की दुसऱ्याची पाळी येत होती. पंप जड जाणे हे पहिले लक्षण होते, आणि त्याच दिवशी ते गांभीर्याने घ्यायला हवे होते.

विजयदुर्गाला वाघोटनच्या खाडीत चांगला आडोसा मिळतो. तेथे आम्ही दोन रात्री राहिलो. शेजारी नांगरलेल्या मच्छीमार होडीवरचे वयस्कर तांडेल आमची खटपट पाहून आमच्या नौकेवर आले. आम्ही सगळे एकाच वेळी उघडण्याच्या तयारीत आहोत हे पाहून ते म्हणाले, “पाणी खयसून येता ता आदी बघा, मगे हात घाला.” त्यांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही प्रथम संपूर्ण खोली फडक्याने कोरडी केली, प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवले आणि भांड्यात जिलबीत घालतात तो खाण्याचा रंग टाकून पंप मारला. रंगीत डाग ज्या कागदावर पडतो तो जोड मैल्याच्या वाटेचा, आणि स्वच्छ पाणी ज्या कागदावर पडते तो आत येणाऱ्या पाण्याच्या वाटेचा. तळाशी साचलेले पाणी समुद्राचे आहे की पिण्याच्या टाकीतले, हे ओळखण्यासाठी त्यात साबण घासून पाहावा, कारण खाऱ्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही. चव घेऊन पाहण्याची पद्धत या विशिष्ट खोलीत वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

नळी काढण्याआधी सीकॉक बंद होणे अपरिहार्य होते. अडकलेल्या दांड्याला लांब पाइप लावून जोर देण्याचा मोह आम्हाला झाला होता, पण तसे कधीही करू नये. तोटी तुटली तर दुरुस्तीचा प्रश्न मागे पडतो आणि नौका वाचवण्याचा समोर येतो. आम्ही तोटीभोवती गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळले, थोडे तेल सोडले आणि दांडा किंचित पुढे, किंचित मागे असा अर्धा तास हलवत राहिलो. अखेर तो नळीला आडवा झाला, म्हणजे बंद झाला. तो झाला नसता तर नळीला हात न लावता नौका ओढून बाहेर काढण्याची सोय असलेल्या ठिकाणापर्यंत बादलीवरच जावे लागले असते. तरीही छिद्राच्या मापाची लाकडी खुंटी आणि हातोडा जवळ ठेवूनच नळी सोडवली. खुंटी कपाटात असून चालत नाही. ती दोरीने त्या सीकॉकलाच बांधलेली असावी, कारण पाणी आत येऊ लागल्यावर कपाट शोधायला वेळ मिळत नाही.

नळी जोडावरून ओढून निघत नाही. किटलीतील गरम पाणी टोकावर सोडले की ती मऊ होते आणि पिळत पिळत सुटते. आमच्या नळीचे तोंड पाहून सर्वांचे समाधान झाले, कारण ३८ मिलिमीटरच्या वाटेत जेमतेम अंगठा जाईल एवढी जागा उरली होती. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम असते. लघवीचे विघटन होऊन ते मिश्रण अल्कधर्मी झाले की कॅल्शियमचे क्षार नळीच्या आत दगडासारखे बसतात. हीच पुटे जोकर व्हॉल्व्हच्या ओठांवरही बसली होती, त्यामुळे ते मिटत नव्हते. जड पंप, जोडांची गळती आणि दुपारी भरणारे भांडे या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच निघाले.

नवी नळी जवळ नसल्याने जुनीच साफ करावी लागली. तिची दोन्ही टोके बांधून ती किनाऱ्यावर नेली आणि खडकावर धोबीघाटाप्रमाणे आपटली. क्षारांचे तुकडे ओंजळी भरून निघाले. ते प्लास्टिकच्या पिशवीत गोळा करून कचऱ्यात टाकले. या कामाला रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. उरलेला थर किराणा दुकानातील लिंबूसत्त्वाच्या दाट द्रावणात रात्रभर भिजवला. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड जलद काम करते, मात्र ते फार पातळ करून आणि मोकळ्या हवेतच वापरावे, आणि त्याच्या जवळपास ब्लीचिंगचा थेंबही नसावा, कारण दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि नौकेच्या कोंदट खोलीत तो जीवघेणा ठरू शकतो.

सुट्या भागांबाबत आपल्याकडे एक अडचण आहे. या किनाऱ्यावरील गावांत हार्डवेअरची दुकाने उत्तम असली तरी त्यांतील माल शेतीसाठी आणि घरांसाठी असतो. शेतीपंपाचा हिरवा सक्शन पाइप मापाला बसतो, परंतु पाण्याच्या पातळीखाली मी तो वापरणार नाही. पितळी जोडही टाळावेत, कारण खाऱ्या पाण्यात साध्या पितळेतील जस्त झिजून जाते आणि गुलाबी, ठिसूळ तांबे मागे उरते. नळीच्या क्लिपा घेताना खिशात लोहचुंबक ठेवावे. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, अशा क्लिपा सर्रास विकल्या जातात. आमची त्यातलीच एक क्लिप स्क्रूड्रायव्हर लावताच तुकडे होऊन हातात आली. प्रत्येक जोडावर दोन क्लिपा, आणि त्यांचे स्क्रू विरुद्ध दिशांना असावेत.

त्यामुळे दुरुस्ती-संच, दोन जोकर व्हॉल्व्ह, सहा-आठ चांगल्या क्लिपा, दोन मीटर जाड नळी आणि सिलिकॉन ग्रीस एवढे मुंबईहूनच न्यावे. साधे गाडीचे ग्रीस रबराला फुगवते. नवा जोकर व्हॉल्व्ह बसवताना त्याची चोच बाहेर जाणाऱ्या दिशेलाच आहे ना, हे दोनदा पाहावे. मी एकदाच पाहिले होते आणि सर्व खोलून पुन्हा बसवावे लागले. पंप पुन्हा जड होऊ नये म्हणून प्रत्येक वापरानंतर आवश्यक वाटते त्यापेक्षा दहा-बारा वेळा अधिक पंप मारावा, म्हणजे लघवी नळीत साचून राहत नाही. आठवड्यातून एकदा पेलाभर व्हिनेगर भांड्यातून नळीत ढकलून रात्रभर ठेवावे आणि नंतर चमचाभर खाण्याचे तेल सोडावे.

दुर्गंधीविषयीही एक गोष्ट नोंदवतो. सर्व जोड कोरडे झाल्यावरही वास येत होता. गरम पाण्यात पिळलेले फडके नळीवर फिरवून हुंगले असता वास नळीच्या भिंतीतूनच पाझरत असल्याचे कळले. अशी नळी धुऊन सुधारत नाही, बदलावीच लागते.

आमच्या नौकेत साठवण टाकी नव्हती. मोठ्या जहाजांसाठीच्या मार्पोल कराराच्या चौथ्या परिशिष्टात प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या बाहेरच सोडण्याचे बंधन आहे. आमच्यासारख्या लहान नौकेला तो नियम लागू नसला तरी नांगरवाड्यात आणि खाडीत शौचालय न वापरण्याचे आम्ही ठरवले होते. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेथे आम्ही सीकॉक बंद ठेवून किनाऱ्यावरील सोय वापरली. टाकी बसवणे शक्य असेल, तर खर्च नळ्यांच्या आधी तिच्यावर करावा, असे माझे मत झाले आहे.

मालवणहून पणजीच्या वाटेवर दुपारी दीड वाजता खारा वारा आला आणि नौका नेहमीप्रमाणे डावीकडे कलली. परीक्षेसाठी आम्ही फक्त अर्धा तास सीकॉक उघडा ठेवला आणि मी वर्तमानपत्र अंथरून त्या खोलीच्या दारात बसलो. भांड्यातील पाणी जागचे हलले नाही. कागदावर एकच थेंब पडला, तोही आत येणाऱ्या पाण्याच्या कोपराखाली, बिनरंगाचा. आग्वादचा दीपस्तंभ दिसू लागण्याआधीच तो सीकॉक बंद केला. पणजीत मागवलेली नळी चार दिवसांनी आली. तिच्या वाढीव लांबीमुळे ते वळण कपाटामागून काढून थेट डेकच्या खाली, पूर्वीपेक्षा दोन फूट उंच बसवता आले.